पडदा टोटोने आधीच पाडला आहे

सांगलीत या उन्हाळी सुट्टीत मुलांच्या एका वाचनवर्गाने एल. फ्रँक बॉम यांचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ हे पुस्तक वाचायला घेतले आणि त्यावरून मोठ्या माणसांत वाद पेटला. वादळात घरासकट उडून ऑझ या अद्भुत देशात पडलेली कॅन्सासची डोरोथी घरी परतण्यासाठी, आणि वाटेत भेटलेले तिघे बुद्धी, हृदय व धैर्य मिळवण्यासाठी तिथल्या जादूगाराकडे जातात, अशी ही गोष्ट. निमित्त झाले ते वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या एका तक्त्याचे. डोरोथी म्हणजे जीव, बुजगावणे म्हणजे बुद्धी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे भक्ती, भित्रा सिंह म्हणजे इच्छाशक्ती, पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे साधनामार्ग आणि जादूगार म्हणजे भोंदू गुरू, अशी मांडणी त्यावर होती. लेखक थिऑसॉफिस्ट होता, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य मानणाऱ्या थिऑसॉफी या पंथाचा; थिऑसॉफीने कर्म आणि पुनर्जन्म हे विचार आपल्याकडून उचलले, म्हणून हे पुस्तक आपल्याच वेदान्ताचे बालरूप आहे, असे तक्ता करणाऱ्यांचे म्हणणे होते. काही पालकांनी तोच तक्ता पाहून नेमका उलटा निष्कर्ष काढला: हा परदेशी गूढपंथाचा छुपा प्रचार आहे, तेव्हा पुस्तक वर्गातून काढून टाका. तिसरा गट दोघांनाही हसला. पोरांच्या गोष्टीत कसला अर्थ शोधता, एवढेच त्याचे म्हणणे. वाद चांगलाच रंगला, पण पुस्तकातले एखादे प्रकरण उघडून त्याच्या आधारे कोणी बोलले असेल, तर ते माझ्या कानावर आलेले नाही.

या वादात माझी बाजू कोणती, हे आधीच सांगून टाकतो. बॉम यांची अध्यात्मावरील श्रद्धा खरी होती आणि तिचा ठसा त्यांच्या लेखनावर उमटला असेल, हे मान्य करायला मला काहीच अडचण वाटत नाही. परंतु या पुस्तकात काही लपवून ठेवले आहे आणि ते लेखकाच्या चरित्राची किल्ली लावून उघडायचे असते, ही कल्पना पुराव्यापुढे टिकत नाही. शिवाय पुस्तकाच्या गाभ्याशीच तिचे वैर आहे. आध्यात्मिक म्हणावा असा जो काही आशय या कथेत आहे, तो अगदी वरच्या थरात आहे आणि दहा वर्षांच्या मुलाला तो कोणाच्याही मदतीशिवाय दिसतो.

प्रथम प्रतिपक्षाचे जे सर्वांत भक्कम आहे, ते पाहू. बॉम यांचा थिऑसॉफीशी असलेला संबंध ही कोणाच्या कल्पनेची भरारी नाही. १८५६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या बॉम यांनी १८८२ मध्ये मॉड गेज यांच्याशी विवाह केला. सासूबाई मटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या अमेरिकेतील आघाडीच्या नेत्या, आणि १८८५ पासून थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभासद. डाकोटातील ॲबर्डीन या गावी घातलेले दुकान बुडाल्यावर बॉम यांनी तेथेच एक साप्ताहिक चालवायला घेतले आणि १८९० च्या जानेवारीत त्यात थिऑसॉफिस्टांची ओळख सत्याचे शोधक म्हणून वाचकांना करून दिली. पुढे शिकागोला आल्यावर ४ सप्टेंबर १८९२ रोजी पती-पत्नी दोघेही सोसायटीचे रीतसर सभासद झाले. ज्या शाखेत त्यांनी प्रवेश घेतला, तिचे नाव ‘रामायण’ होते. हे नाव वाचून आपल्याकडच्या एखाद्याचे हात तक्ता रंगवायला शिवशिवले, तर मी त्याला फारसा दोष देणार नाही. सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, तिचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासच्या अड्यारला स्थिरावले, हेही खरे. या देशाशी तिचे नाते उसने नव्हते. इतकेच काय, ही कथा आपल्याला अचानक सुचली, जणू त्या थोर लेखकाला, म्हणजे ईश्वराला, काही सांगायचे होते आणि हाताशी सापडलेले साधन त्याने वापरले, अशा अर्थाचे उद्गार बॉम यांनी काढल्याची आठवणही नोंदली गेली आहे.

एवढे सगळे मान्य केल्यावर सिद्ध काय होते? एक श्रद्धावान माणूस मुलांसाठी एक गोष्ट लिहून गेला, एवढेच. १८९३ मध्ये शिकागोत सर्वधर्म परिषद भरली आणि तेथे स्वामी विवेकानंद बोलले. त्या वेळी बॉमही त्याच शहरात राहत होते. ही दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती शेजारी ठेवल्याने त्यांच्यात कार्यकारणभाव निर्माण होत नाही. शिवाय ‘थोर लेखका’विषयीचे ते उद्गार तक्त्याच्या कामाचे नाहीत. कथा जर अंतःस्फूर्तीने, लेखकाच्या नकळत उतरली असेल, तर त्याने तिच्यात योजनापूर्वक संकेत पेरले असे म्हणता येत नाही. आणि संकेत पेरले असतील, तर ती नकळत उतरली हे म्हणणे सोडावे लागते. तक्त्याच्या बाजूचे लोक मात्र सकाळी एक युक्तिवाद वापरतात आणि संध्याकाळी दुसरा.

मग साहित्यात छुपा अर्थ कधीच नसतो का? असतो, आणि त्याचा इतका स्वच्छ दाखला आपल्या गावाने दिलेला आहे की त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. वरवर पाहता ती विराटपर्वातील कथा; परंतु उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, विटंबना सोसणाऱ्या सैरंध्रीत हिंदभूमी दिसली, युधिष्ठिराच्या सबुरीत मवाळांचे राजकारण आणि भीमाच्या संतापात जहालांचे. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. हा अर्थ खाडिलकरांनी हेतुपूर्वक ठेवला होता, हे आपण कशावरून म्हणतो? तो लपवण्याला कारण होते: राजद्रोहाचा कायदा डोक्यावर होता, टिळक १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात होते आणि नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने १८७६ पासूनच कायद्याने हाती घेतलेला होता. ज्यांना तो अर्थ कळावा अशी लेखकाची इच्छा होती, तो प्रेक्षक समोर बसलेला होता आणि वंगभंगाची जखम त्याच्या मनात ताजी होती. आणि तो अर्थ त्याच काळात, त्याच प्रेक्षागृहात ओळखला गेला. सत्ताधाऱ्यांनाही तो कळला, म्हणून तर बंदी आली. कोणा अभ्यासकाने पन्नास वर्षांनी दप्तरे चाळून तो शोधून काढलेला नाही.

याच कसोट्या ऑझच्या पुस्तकाला लावून पाहाव्यात. १९०० साली शिकागोत थिऑसॉफीवर बंदी नव्हती. तिच्याविषयी स्वतःच्या वृत्तपत्रात उघडपणे लिहिणाऱ्या माणसाला तीच गोष्ट मुलांच्या पुस्तकात दडवून ठेवण्याचे कारण काय? ज्या मुलांसाठी ते लिहिले, त्यांच्यापाशी ही किल्ली असण्याची शक्यता नव्हती. म्हणजे ज्याला निरोप पोहोचवायचा, त्यालाच तो वाचता येऊ नये अशी व्यवस्था लेखकाने केली, असे मानावे लागते. समकालीन वाचकांनी या पुस्तकावर उदंड प्रेम केले, लेखकाला पत्रे लिहून पुढच्या भागांची मागणी केली, पण साधनामार्ग सापडल्याबद्दल त्याचे आभार मानण्याची तेव्हा काही रीत पडलेली दिसत नाही. बॉम यांनी एप्रिल १९०० ची तारीख घालून लिहिलेल्या प्रस्तावनेत तर स्पष्टच म्हटले आहे की जुन्या परीकथा बोध ठसवण्यासाठी मुलांना भेदरवत असत. आता नीतिशिक्षण शाळेत मिळते, तेव्हा मुलाला अद्भुतकथेतून केवळ आनंद हवा असतो आणि ही गोष्ट त्या आनंदासाठीच लिहिली आहे. अर्थात लेखकाच्या प्रस्तावनेवर मी सारा भार टाकणार नाही. भयाचे प्रसंग वगळल्याचे तेथे सांगितले आहे आणि बाराव्या प्रकरणात पत्र्याचा लाकूडतोड्या कुऱ्हाडीने चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो. लेखक स्वतःविषयी जे सांगतात, ते तपासूनच घ्यावे लागते.

आध्यात्मिक रूपकाची आपली स्वतःची परंपरा कशी आहे, तेही या संदर्भात आठवायला हवे. एकनाथांचे विंचवाचे भारूड घ्या. ठणकणारी नांगी, घामाघूम झालेला माणूस, सगळा गाव हसतो आहे. आणि नाथ पहिल्या दमातच सांगून मोकळे होतात की काम-क्रोधाचा विंचू चावला आहे, तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. रूपकाची किल्ली रूपकाच्या तोंडातच आहे. गावच्या चावडीसमोर जमलेल्या निरक्षर माणसाला कळावे म्हणूनच ते रचले गेले. ज्याला अध्यात्म लोकांपर्यंत न्यायचे असते, तो ते लपवत नाही. पाश्चात्त्य बालसाहित्यातही हे दिसते: सी. एस. लुईस यांच्या नार्नियातील सिंह दुसऱ्याच्या अपराधासाठी मरण पत्करतो आणि पुन्हा उठतो. ख्रिस्ताची कथा ज्याने एकदा ऐकली आहे, त्याला ती तेथे ओळखू येते, कारण कथानकाचा आकारच तो आहे. ऑझच्या कथानकाला असा कोणताही एक आकार नाही.

आता पुस्तकाकडेच वळू. या कथेच्या मध्यावर, पंधराव्या प्रकरणात, काय घडते? ज्याने कोणाला प्रचंड मस्तकाच्या रूपात, कोणाला सुंदर स्त्रीच्या, कोणाला अक्राळविक्राळ पशूच्या, तर कोणाला आगीच्या गोळ्याच्या रूपात दर्शन दिले, त्या महाभयंकर जादूगाराच्या दालनात सिंह डरकाळी फोडतो, टोटो नावाचा लहानसा कुत्रा दचकून कोपऱ्यातला पडदा पाडतो, आणि मागे उभा असतो एक टकलू, सुरकुतलेला म्हातारा. तो ओमाहा गावचा शब्दभ्रमकार. पुढे सर्कशीच्या बलूनमधून उडणारा झाला आणि वाऱ्याने भरकटत इथे येऊन पडला. पडद्यामागचे सारे तो स्वतः दाखवतो: हे मस्तक कागदाचे, तो आवाज माझा, तो गोळा तेलात भिजवलेल्या कापसाचा. जादूगाराच्या पाचूनगरीत सगळ्यांच्या डोळ्यांवर कुलूपबंद हिरवे चष्मे का आहेत, तेही तोच सांगून टाकतो: नगरी इतर गावांहून अधिक हिरवी नाही, चष्म्यामुळे ती तशी दिसते. चष्म्यात मायावाद शोधणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की ज्या गुपिताचा उलगडा पुस्तकातील पात्र भर प्रकरणात करते, ते गुपित कसे? हे संपूर्ण पुस्तक गूढाचा पडदा पाडण्याच्या बाजूचे आहे. त्यावर नवा पडदा टांगून ‘आत या, खरा अर्थ आत आहे’ असे म्हणणे म्हणजे उघडे पडलेल्या जादूगाराला पुन्हा सिंहासनावर बसवणे होय.

याच्या पुढचा प्रसंग मला साऱ्या पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो आणि तक्त्याने नेमके त्याचेच मातेरे केले आहे. भोंदूपणा उघड झाल्यावर बुजगावणे, लाकूडतोड्या आणि सिंह तेथून निघून जात नाहीत. आपल्याला कबूल केलेली वस्तू हवीच, असा हट्ट ते धरतात. जादूगार समजावतो की तुम्हाला तिची गरज नाही, तरी ते ऐकत नाहीत. मग तो कोंड्यात टाचण्या आणि सुया मिसळून बुजगावण्याच्या डोक्यात भरतो, रेशमी कापडाचे, आत लाकडाचा भुसा भरलेले हृदय लाकूडतोड्याच्या छातीत बसवतो आणि सिंहाला एका थाळीतून काहीतरी पाजतो. तिघेही कृतार्थ होतात. आणि तो एकटा बसल्यावर मनाशी म्हणतो की अशक्य आहे हे ज्यांना पक्के ठाऊक आहे, तेच लोक मला ते करायला लावतात, तर मी भोंदू झाल्याशिवाय राहीन कसा? ‘जादूगार म्हणजे भोंदू गुरू’ या एका ओळीत हे कुठे बसते? इथे प्रश्न गुरूपेक्षा भक्तांचा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ज्या भागात गावोगाव हिंडून बाबा-बुवांचे हातखंडे उघडे केले आणि तरीही पुढच्या बुवासमोर रांग लागलेली पाहिली, त्या भागातील वाचकाला तरी हा प्रसंग अंगावर यायला हवा. मात्र यावरून कोणी हे पुस्तक अंधश्रद्धा निर्मूलनाचे रूपक ठरवू लागला, तर तोही तक्ताच होईल. जादूगार हा माणूस वाईट नव्हे, जादूगार म्हणून वाईट आहे, असे तो स्वतःच म्हणतो आणि मुलांना तो आवडतो. बॉम यांनी त्याला पुढच्या भागांत परत आणले, ते उगीच नव्हे.

किल्लीचा आणखी एक दोष असा की ती चार दारांना लागते आणि बाकीची वीस तशीच बंद राहतात. पुस्तकाची चोवीस प्रकरणे आहेत. जादूगार सतराव्या प्रकरणात बलूनमध्ये बसून निघून जातो. त्यानंतर दक्षिणेकडचा एक मोठा प्रवास आहे, ज्यात लढणारी झाडे, चिनीमातीच्या माणसांचा देश आणि स्प्रिंगसारखी डोकी फेकून मारणारी बुटकी माणसे येतात. सिंहाला अफूच्या शेतातून गाडीवर ओढून काढणारे हजारो उंदीर आहेत. अस्वलाचे धड आणि वाघाचे डोके असलेले प्राणी आहेत. तक्त्यात यांतले कोणी नाही. याचे कारण मला असे दिसते की तक्ता पुस्तकावरून केलेला नसून १९३९ च्या चित्रपटावरून केलेला आहे. डोरोथीच्या पायांतले चांदीचे जोडे चित्रपटात माणकांचे झाले आणि सारा प्रवास डोरोथीला पडलेले स्वप्न ठरला. ‘अंतर्यात्रे’ची कल्पना त्या स्वप्नातून येते. पुस्तकात स्वप्न नाही. शेवटच्या प्रकरणात डोरोथी परत येते तेव्हा हेन्रीकाकांनी नवे घर बांधलेले असते, कारण जुने खरोखरच वादळाने उडवून नेलेले असते. आणि कॅन्सासचे घर म्हणजे आत्मस्वरूप, असे म्हणणाऱ्यांनी १९१० मध्ये आलेला सहावा भागही वाचावा. नव्या घरासाठी काढलेले कर्ज हेन्रीकाकांना फेडता येत नाही, शेत जाण्याची वेळ येते, आणि डोरोथी काका-काकूंना घेऊन कायमची ऑझमध्ये राहायला जाते. मुक्त झालेला जीव गहाणखतामुळे आत्मस्वरूप सोडून पुन्हा मायानगरीत मुक्कामाला जातो, असे वेदान्ताच्या कोणत्या ग्रंथात लिहिले आहे?

एकाच कुलपाला अगदी वेगळी किल्लीही तितकीच नीट लागते, हे तर साठ वर्षांपूर्वीच दिसून आले आहे. हेन्री लिटलफिल्ड या अमेरिकन शाळाशिक्षकाने १९६४ मध्ये एका विद्वत्-नियतकालिकात लेख लिहून ऑझची कथा १८९० च्या दशकातील चलनविषयक राजकारणाचे रूपक म्हणून वाचून दाखवली: पिवळा रस्ता म्हणजे चलन सोन्याशी बांधणारे सुवर्णमानक, चांदीचे जोडे म्हणजे रौप्य नाण्यांची मागणी, बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातील कामगार आणि भित्रा सिंह म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे पुढारी. वाचन इतके चपखल होते की बॉम यांचा हाच हेतू होता, असे पुढे वर्गावर्गांतून शिकवले गेले. पुढे, १९९२ मध्ये, खुद्द लिटलफिल्ड यांनीच जाहीर पत्र लिहून सांगितले की बॉम त्या राजकारणाचे समर्थक होते, असे मानायला आधार नाही. हे रूपक त्यांनी मुलांना तो शुष्क इतिहास शिकवण्यासाठी वापरले होते आणि त्या कामासाठी ते उत्तमच होते. पण जेव्हा त्याच जोड्यांत एकाला रुपया दिसतो आणि दुसऱ्याला आत्म्याला देहाशी बांधणारी रुपेरी दोरी, तेव्हा चपखलपणा हा पुरावा मानता येत नाही, एवढे तरी कबूल करावे लागेल.

यावर एक खरोखर वजनदार आक्षेप घेतला जाईल. अर्थ लेखकाच्या हेतूपुरताच असतो का? आपल्या काव्यशास्त्राने तर व्यंग्यार्थालाच, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थालाच, काव्याचा आत्मा मानले आहे. मग सहृदय वाचकाला व्यंग्य दिसले तर त्याला अडवणारे तुम्ही कोण? आक्षेप योग्य आहे, म्हणूनच हा विचार मांडणाऱ्या संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांनी ध्वनी, म्हणजे हाच सुचणारा अर्थ, कसा दाखवला ते पाहावे. त्यांनी दिलेले एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातील गाथेचे आहे. एक स्त्री धार्मिक माणसाला सांगते: महाराज, आता निर्धास्त फिरा, तुम्हाला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आज मारून टाकले. शब्द निमंत्रणाचे आहेत आणि अर्थ आहे: इकडे फिरकू नका. (तिला तेथे प्रियकराला भेटायचे आहे.) हा अर्थ कळण्यासाठी कवीचे चरित्र लागत नाही, कोणत्या पंथाची शिकवण लागत नाही, तक्ता तर नाहीच नाही. बोलणारी कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, एवढ्यातून तो आपोआप उमलतो, आणि वाच्यार्थ मोडून न टाकता उमलतो. तक्त्याचे उलटे आहे. तेथे बुजगावण्याचे बुजगावणेपण संपते आणि उरते ‘बुद्धी’. ध्वनीच्या नावाने याचे समर्थन करणे हा आनंदवर्धनांवर अन्याय आहे.

बरे, लेखकाचे आयुष्य हीच किल्ली मानायची ठरवली, तर मग ते आयुष्य सगळे घ्यावे लागेल. ज्या साप्ताहिकात थिऑसॉफीची ओळख छापून आली, त्याच साप्ताहिकात त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सिटिंग बुल या नेत्याच्या हत्येनंतर, बॉम यांनी मूळ अमेरिकन जमातींचा समूळ नाश करावा असे संपादकीय लिहिले. आणि वुंडेड नी येथे २९ डिसेंबर १८९० रोजी स्त्रिया-मुलांसह शेकडो लोकांची कत्तल झाल्यानंतर, ३ जानेवारी १८९१ च्या अंकात, तीच मागणी पुन्हा केली. त्यांच्या वंशजांनी २००६ मध्ये याबद्दल जाहीर माफी मागितली. विश्वबंधुत्व हे थिऑसॉफिकल सोसायटीचे पहिले उद्दिष्ट. तिच्याविषयी आदराने लिहिणाऱ्या लेखणीने हे लिहिले आणि पुढच्याच वर्षी तिचा धनी सोसायटीत दाखल झाला. तक्ता करणाऱ्यांना यातले काय हवे आहे? पुस्तकातील पंख असलेली माकडे एके काळी रानात स्वतंत्र होती आणि एका सोनेरी टोपीमुळे तिच्या मालकाची गुलाम झाली. चरित्राची किल्ली लावायचीच, तर इथे ॲबर्डीनची संपादकीये लावून कोणी वेगळाच तक्ता करू शकेल आणि तो पहिल्याइतकाच जमेल. चरित्रातून ‘रामायण’ शाखा उचलायची आणि वुंडेड नी खाली ठेवायचे, याला अभ्यास म्हणता येत नाही. ही सोयीची निवड आहे.

खरे तर चरित्रातून पुस्तकाकडे जाणारी सर्वांत रुळलेली वाट थिऑसॉफीची नाहीच, ती सासूबाईंची आहे. मटिल्डा गेज यांनीच जावयाला मुलांना सांगता त्या गोष्टी लिहून काढा म्हणून आग्रह केला होता. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात चर्चने चेटकिणी ठरवून छळलेल्या स्त्रिया या पुष्कळदा आपल्या काळातील जाणत्या स्त्रिया होत्या, असे त्यांनी मांडले. आणि जावयाच्या पुस्तकात काय दिसते? घाबरून परत न फिरणारी मुलगी, चार दिशांना सत्ता चालवणाऱ्या चार स्त्रिया, त्यांतल्या दोघी चांगल्या चेटकिणी, आणि मध्यभागी एक पुरुष, जो भोंदू निघतो. हे कोणाला उलगडून सांगावे लागत नाही. त्याच १८९३ मध्ये मोहॉक लोकांनी गेजबाईंना आपल्या लांडगा कुळात मानाने सामावून घेतले होते. एकाच घरात, एकच श्रद्धा बाळगणाऱ्या दोन माणसांची मूळ अमेरिकन लोकांविषयीची मते इतकी परस्परविरुद्ध असू शकतात; मग त्या श्रद्धेवरून पुस्तकाचा अर्थ काढणे कितपत भरवशाचे?

पुस्तक काढून टाका म्हणणाऱ्या पालकांना वाटते की आपण तक्त्याच्या विरोधात आहोत. वास्तविक दोघांचे गृहीतक एकच आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील काही ख्रिस्ती पालक १९८० च्या दशकात शाळेच्या वाचनमालेविरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा आक्षेपांच्या यादीत ऑझही होते: चेटकीण चांगली कशी असेल, आणि बुद्धी, करुणा, धैर्य हे ईश्वराने द्यायचे गुण माणूस स्वतःच्या प्रयत्नाने मिळवतो असे मुलांनी का वाचावे? १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. ज्या आशयात सांगलीच्या तक्त्याला वेदान्त दिसला, त्याच आशयात टेनेसीच्या पालकांना ईश्वरद्रोह दिसला. छुप्या अर्थाची पद्धत एकदा मान्य केली की तिचा वापर पूजेसाठी करायचा की बंदीसाठी, हे वाचणाऱ्याच्या धर्मावर अवलंबून राहते. प्लेटोनेही ‘रिपब्लिक’मध्ये म्हटले होते की देवांच्या भांडणाच्या कथा रूपक म्हणूनसुद्धा मुलांना सांगू नयेत, कारण रूपक कोणते आणि रूपक नसलेले कोणते, हे मुलाला ओळखता येत नाही. तो बंदीच्या बाजूचा होता, हे मला अमान्य आहे. परंतु मुलापर्यंत कथाच पोहोचते, गूढार्थ पोहोचत नाही, हे त्याचे निरीक्षण अचूक आहे.

‘पोरांची गोष्ट आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण थोडे आहे, पण आहे. गोष्टीत अर्थ नाही, असे त्यांनी गृहीत धरले. खंदक ओलांडायला झाड तोडून पूल करण्याची युक्ती मेंदू नसलेल्या बुजगावण्याला सुचते; पायाखाली किडा चिरडला म्हणून हृदय नसलेला लाकूडतोड्या इतका रडतो की त्याचा जबडा गंजून बसतो; खंदकावरून एकेकाला पाठीवर घेऊन उडी मारतो तो भित्रा सिंह. मुले हे वाचताना हसतात, कारण पात्रांच्या आधी त्यांना कळलेले असते. ‘तुझे आहे तुजपाशी’ ही ओळ ज्याच्या कानावरून गेली आहे, अशा मराठी माणसाला येथे तिची आठवण होईल आणि ती व्हावी. ती आठवण त्याची स्वतःची आहे, बॉम यांनी ती तेथे पुरून ठेवलेली नाही.

वाचनवर्गाने तक्ता उतरवावा आणि पुस्तक चालू ठेवावे. बॉम यांचे चरित्र नववी-दहावीच्या मुलांना जरूर सांगावे, त्यात सोसायटीचे सभासदत्व सांगावे आणि ती दोन संपादकीयेही वाचून दाखवावीत. लहान मुलांचे वाचन जादूगार उडून गेल्यावर थांबले आहे, असे ऐकतो; ते पुढे न्यावे. विसाव्या प्रकरणात चिनीमातीच्या देशातून बाहेर पडताना सिंह भिंतीवरून उडी मारतो आणि त्याच्या शेपटीचा फटका बसून तेथले चिनीमातीचे चर्च चक्काचूर होते. डोरोथीला त्या नाजूक लोकांबद्दल वाईट वाटते, पण एक गाय आणि एक चर्च एवढ्यावरच भागले याचे तिला समाधानही आहे. हे वाचून मुले हसतील. या चर्चचा गूढार्थ काय, यावर मोठ्या माणसांनी पुन्हा बैठक घ्यायची असेल, तर ती निदान मुले हसून झाल्यावर घ्यावी.